मॅचआधीचं राष्ट्रगीत : सारखे विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धांचा सीझन आला की तेच तेच प्रश्न येतात, कधी गावातल्या मंडळाचे आयोजक विचारतात, कधी शाळेतले पीटीचे सर, तर कधी वर्ल्ड कप बघता बघता घरातली पोरं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. मॅचआधीचं राष्ट्रगीत मैदानातल्या माणसांनी स्वतःच्या गळ्याने गावं असं मला मनापासून वाटतं, आणि जो गात नाही त्याच्या ओठांकडे बघत बसणं मला अजिबात पटत नाही.

मॅचआधी राष्ट्रगीत म्हणायची पद्धत सुरू कुठून झाली?

सगळ्यात जुना किस्सा सांगितला जातो तो वेल्सचा. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ, रग्बीची मॅच, समोर न्यूझीलंडची टीम जी त्या दौऱ्यात एकही मॅच हरली नव्हती. न्यूझीलंडवाले मॅचआधी "हाका" करतात, म्हणजे तिथल्या मूळ माओरी लोकांचं युद्धनृत्य, हे आता सगळ्यांना माहितीये, तर त्या हाकाला उत्तर म्हणून वेल्सच्या टेडी मॉर्गनने आपल्या भाषेतलं देशाचं गाणं सुरू केलं, बाकीचे खेळाडू त्यात आले आणि बघता बघता अख्खं मैदान गायला लागलं. वेल्सने ती मॅच ३-० अशी मारली आणि ती एकमेव ट्राय (रग्बीतला गोलच समजा) पण मॉर्गननेच केली! यात एक गोष्ट लक्षात घ्या, ते गाणं तेव्हा कागदोपत्री राष्ट्रगीत वगैरे काही नव्हतं, लोकांनी ते आपलं मानलं होतं एवढंच.

दुसरा किस्सा अमेरिकेचा. ५ सप्टेंबर १९१८, शिकागो, बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, बॉस्टन विरुद्ध शिकागो. पहिलं महायुद्ध चालू होतं, लोकांचं मन खेळात नव्हतं, स्टेडियम शांत. सातव्या इनिंगच्या ब्रेकमध्ये बँडने त्यांचं आजचं राष्ट्रगीत वाजवलं. बॉस्टनचा फ्रेड थॉमस नौदलातून सुट्टी घेऊन खेळायला आला होता, त्याने तिथेच ताठ उभं राहून सॅल्यूट ठोकला, ते बघून बाकीचे खेळाडू वळून उभे राहिले, मग प्रेक्षक गायला लागले. पुढच्या मॅचेसना पण बँडने ते वाजवलं. अमेरिकेचं ते अधिकृत राष्ट्रगीत झालं १९३१ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी! प्रत्येक मॅचआधी वाजवायची सवय मात्र दुसऱ्या महायुद्धात पक्की झाली.

दोन्हीकडे वरून कोणाचा हुकूम नव्हता. मैदानातल्या लोकांनी आपणहून गायला सुरुवात केली, नियम नंतर आले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे ही गोष्ट हॉकीपासून सांगावी लागते. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला ध्यानचंद कॅप्टन होते, पण देश पारतंत्र्यात, झेंडा ब्रिटिश इंडियाचा आणि जिंकलो तरी वाजणार गीत राजाचं. १५ ऑगस्टला जर्मनीशी फायनल होती. त्याआधी ड्रेसिंग रूममध्ये असिस्टंट मॅनेजर पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला, सगळ्या टीमने त्याला वंदन केलं आणि मग मैदानात उतरले. ८-१ ने जिंकलो. तारीख बघा, अकरा वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला.

मग १२ ऑगस्ट १९४८, लंडन, वेम्बली, समोर खुद्द ब्रिटन, आपण ४-० ने जिंकलो, स्वतंत्र भारताचं पहिलं ऑलिंपिक गोल्ड. जन गण मन अधिकृत व्हायला तेव्हा अजून जवळपास दीड वर्ष होतं, ते संविधान सभेने स्वीकारलं २४ जानेवारी १९५० ला. गीत त्याआधीचं, २७ डिसेंबर १९११ ला काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात पहिल्यांदा गायलं गेलं.

मॅचआधी राष्ट्रगीत लावायची कायद्याने सक्ती आहे का?

नाही. गृहमंत्रालयाचे जे आदेश आहेत त्यात राष्ट्रगीत कधी वाजवायचंच याची यादी आहे, राष्ट्रपती, राज्यपाल, परेड, सन्मान सोहळे असं. मॅच त्यात नाही. पण योग्य मान राखून लोकांनी एकत्र गायला पूर्ण मोकळीक आहे. म्हणजे तुमच्या तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत गायलात तर उत्तम, नाही गायलात तर कोणी नोटीस पाठवणार नाही. आयसीसीच्या स्पर्धा, फुटबॉल वर्ल्ड कप वगैरे ठिकाणी ते होतं कारण त्या त्या संघटनेचा तो ठरलेला कार्यक्रम असतो.

उभं राहिलं नाही तर जेल होते म्हणतात, खरं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि व्हॉट्सॲपवर यावर सगळ्यात जास्त चुकीचं फिरतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९७१ चा राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाबद्दलचा कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की कोणी जाणूनबुजून राष्ट्रगीत गाण्यापासून दुसऱ्याला रोखलं किंवा गाणाऱ्या जमावात गोंधळ घातला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे शिक्षा आहे ती अडथळा आणणाऱ्याला. राष्ट्रगीत चालू असताना सावधान उभं राहावं हे गृहमंत्रालयाच्या आदेशात आहे, आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे संविधानाच्या ५१अ मध्ये मूलभूत कर्तव्य म्हणून आहे. उभं राहावं, नक्की राहावं, त्यात मला काही शंका नाही.

पण न गाण्याबद्दल सुप्रीम कोर्टाचा १९८६ चा निकाल आहे, बिजो इमॅन्युएल केस. केरळमधली तीन भावंडं, यहोवाज विटनेसेस पंथाची, शाळेत राष्ट्रगीताला नीट उभी राहायची पण गायची नाहीत, शाळेने काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं की मुलं आदराने उभी राहत होती, न गाणं म्हणजे अनादर नाही, आणि त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. थिएटरचं पण सांगतो कारण लोक ते आणि मैदान एकत्र करतात, ३० नोव्हेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सिनेमाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं होतं आणि ९ जानेवारी २०१८ ला तो आदेश बदलून ऐच्छिक केलं.

स्टँडमध्ये एखादे काका बसून राहिलेत म्हणून त्यांच्यावर ओरडायला जाऊ नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असू शकतं, पायात सळई असू शकते, तुम्हाला काय माहीत. आणि राष्ट्रगीत चालू असताना दुसऱ्यावर ओरडणं हाच गोंधळ झाला ना?

घरी टीव्हीवर मॅच बघताना राष्ट्रगीत लागलं तर उभं राहायचं का?

सक्ती काही नाही. आमच्याकडे उभे राहतात, शेजारी नाही राहत, आणि दोघांचंही मॅचवर सारखंच प्रेम आहे.

किती वेळाचं असतं? छोटं व्हर्जन लावलं तर चालेल?

पूर्ण राष्ट्रगीत साधारण ५२ सेकंदाचं. छोटं व्हर्जन आहे, पहिली आणि शेवटची ओळ, साधारण २० सेकंद, पण ते ठरावीक प्रसंगांसाठी आहे. मॅचला पूर्णच घ्या, ५२ सेकंदांनी कोणाचं शेड्यूल कोलमडत नाही. नेटवरून डाउनलोड केलेल्या फाईल्स मात्र आधी ऐका, काही दीड-दोन मिनिटांच्या असतात, मध्ये बासरी, सितार, आलाप, ऐकायला छान असतात पण मैदानात लोक गात असतात आणि मध्येच म्युझिक सुरू झालं की सगळे एकमेकांकडे बघतात, पुढचं कडवं नेमकं कधी उचलायचं तेच कळत नाही.

इंटरनॅशनल फुटबॉलमध्ये साधारण ९० सेकंदांची मर्यादा असते, आणि काही देशांची गीतं लांबलचक आहेत, ती कापली जातात. ब्राझीलचं तसंच. २०१४ चा वर्ल्ड कप त्यांच्या घरी झाला तेव्हा दरवेळी रेकॉर्डिंग थांबायचं आणि खेळाडू आणि अख्खं स्टेडियम तसंच वाद्यांशिवाय पुढचं गाऊन पूर्ण करायचे. याची सुरुवात आदल्या वर्षीच्या कॉन्फेडरेशन्स कपमध्ये झाली होती. यूट्यूबवर आहे, एकदा तरी बघा, म्युझिक बंद झाल्यावर आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो तो क्षण बघा.

आमच्या स्पर्धेत रेकॉर्डिंग लावू की गाऊन घेऊ?

गाऊन घ्या. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार. रेकॉर्डिंग लावलं की खेळाडू उभे राहतात, अर्धे मनात बोनसची गणितं करत असतात, प्रेक्षक मोबाईल वर करून शूटिंग करतात. तेच एखादी शाळेतली मुलगी माईकसमोर उभी राहून सुरू करू दे, दुसऱ्या ओळीला सगळं मैदान तिच्याबरोबर असतं.

आता कसं घ्यायचं ते. सगळ्यात मोठी चूक होते सुराची. राष्ट्रगीत सुरू होतं सा रे ग ग ग ग वर, आरामात, खालच्या पट्टीत, आणि उत्साहाच्या भरात माईकवाला जोरात उंच पट्टीत उचलतो. "पंजाब सिंध" पर्यंत काही वाटत नाही. पण शेवटच्या ओळीतलं पहिलं "जय हे" आहे ना, ते जातं थेट वरच्या सा ला, आणि तिथे पुरुषांचे आवाज फाटतात, लहान पोरं किंचाळतात, उरलेले गप्प बसतात. त्यामुळे सुरू करणाऱ्याने आधी बाजूला जाऊन हळू आवाजात ते "जय हे" म्हणून बघायचं, तिथे गळा मोकळा राहिला की त्याच पट्टीत खाली येऊन सुरू करायचं. पेटी असेल तर सोपंच, नसेल तर मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावून सा धरा.

दुसरं, लय. गर्दी नेहमी ओढते, स्लो होत जाते, "विंध्य हिमाचल" ला येईपर्यंत माईक पुढे आणि मागचा स्टँड मागे. दोन जणांना बरोबर उभं करा जे हाताने हलका ठेका दाखवतील. आपल्याकडे "मराठा" शब्दाला आवाज एकदम चढतो, चढू दे, छातीत असतंच ते, पण तिथे थांबून राहू नका, "द्राविड" लगेच आहे.

तिसरं, सूचना. "कृपया राष्ट्रगीतासाठी उभे राहा" म्हटल्यावर निदान दहा-पंधरा सेकंद द्या. वडापाव हातात असतो, मांडीवर बाळ असतं, लोकांना उठायला वेळ लागतो. मग "सावधान" आणि मग सुरुवात. पोलीस किंवा शाळेचा बँड असेल तर आधी ड्रमचा रोल देतात, त्याने सगळ्यांना कळतं की आता सुरू होणार. आणि ढोल-ताशा पथकाला त्या एका मिनिटापुरतं नम्रपणे शांत राहायला सांगा, ते ऐकतात.

शब्दांत लोक कुठे चुकतात?

"उच्छल जलधितरंग" मध्ये, बहुतेक जण "उच्चल" म्हणतात. "गाहे तव जय गाथा" चं कोणी "गाये" करतं. "जनगणमंगलदायक" आणि सुरुवातीचं "जनगणमन अधिनायक" यांची अदलाबदल होते, विशेषतः माईकवर एकटा गाणारा टेन्शनमध्ये असला की. मोठे मोठे गायक इंटरनॅशनल मॅचला अडखळलेत, त्यामुळे कागद हातात घ्यायला लाज वाटू देऊ नका.

"सिंध" की "सिंधु" यावर पण भांडणं होतात. "सिंध" म्हणायचं. सिंध आता भारतात नाही म्हणून शब्द काढा अशी याचिका झाली होती, २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती फेटाळली.

खेळाडू गात नाही म्हणजे त्याला देशाचं काही पडलेलं नाही का?

कॅमेरा लाईनमधून एकेकाच्या चेहऱ्यावर फिरतो आणि दुसऱ्या मिनिटाला सोशल मीडियावर सुरू होतं, हा गात होता, तो नव्हता. मला याचा मनापासून राग येतो. कोणी डोळे मिटून प्रार्थना करत असतो, कोणाला गळा दाटून येतो, कोणी पहिल्या ओव्हरचा विचार करत असतो.

७ जानेवारी २०२१, सिडनी टेस्ट. मोहम्मद सिराज लाईनमध्ये उभा होता, राष्ट्रगीत सुरू झालं आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या, हाताने पुसत होता. दौऱ्यावर असतानाच नोव्हेंबरमध्ये वडील गेले होते, हैदराबादमध्ये रिक्षा चालवून ज्यांनी त्याला क्रिकेटर केलं ते वडील. क्वारंटाईनचे दिवस होते, तो तिथेच थांबला, अंत्यदर्शनालाही आला नाही. त्या क्षणी त्याचे ओठ हलत होते की नाही हे कोणाला मोजायचंय? (त्याच आठवड्यात ऑस्ट्रेलियाने पण आपल्या राष्ट्रगीतातला एक शब्द बदलला होता, १ जानेवारीपासून "तरुण आणि स्वतंत्र" च्या जागी "एक आणि स्वतंत्र", मूळ आदिवासी लोकांचा हजारो वर्षांचा इतिहास लक्षात घेऊन.)

बाहेरची उदाहरणं पण आहेत. फुटबॉलमधला ली कार्सली, जन्म बर्मिंगहॅमचा, खेळला आयर्लंडकडून, २०२४ मध्ये इंग्लंडचा हंगामी कोच झाला आणि पहिलीच मॅच डब्लिनला आयर्लंडशी! त्याने आधीच सांगितलं की मी खेळत होतो तेव्हाही गायचो नाही, आताही गाणार नाही, पण दोन्ही राष्ट्रगीतांचा पूर्ण आदर आहे. टीका झाली, तो शांतपणे उभा राहिला, इंग्लंड जिंकलं.

पण काही जण मुद्दाम गात नाहीत किंवा गुडघ्यावर बसतात, त्याचं काय?

तो निषेध असतो आणि त्यामागे काय आहे ते वाचल्याशिवाय मत बनवू नये असं मला वाटतं. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधला कॉलिन केपर्निक आधी राष्ट्रगीताला बसून राहायचा, काळ्या लोकांवरच्या पोलिसी अत्याचाराविरुद्ध. मग नेट बॉयर नावाचा माजी सैनिक, जो स्वतः खेळाडू होता, त्याच्याशी बोलला आणि म्हणाला बसण्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक पडलेल्या साथीदारासमोर टेकतात तसा. म्हणजे गुडघा टेकणं सैनिकाच्या सल्ल्यातून आलं, हे फार कमी लोकांना माहिती असतं. तो सीझन संपल्यावर केपर्निकला कुठल्याच टीमने घेतलं नाही.

इराणच्या टीमने २१ नोव्हेंबर २०२२ ला कतारच्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीत गायलं नाही, सगळे ओठ मिटून उभे. देशात महसा अमिनी या तरुणीच्या पोलिसांच्या ताब्यात झालेल्या मृत्यूनंतर आंदोलनं पेटली होती. पुढच्या मॅचला, वेल्सविरुद्ध, ते गायले. घरी परत जायचं असणाऱ्या माणसांसाठी तो एक मिनिट किती जड असेल याचा विचार करा.

स्पेनचे खेळाडू कधीच गाताना का दिसत नाहीत?

कारण त्यांच्या राष्ट्रगीताला अधिकृत शब्दच नाहीत! नुसती धून. बॉस्निया, कोसोवो, सॅन मारिनो यांचंही तसंच. ३० ऑक्टोबर २०२२ ला नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला मुलींच्या अंडर-१७ फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल झाली, स्पेन विरुद्ध कोलंबिया, म्हणजे एका टीमकडे गायला शब्द आणि दुसरीकडे नुसती धून. स्पेनच्या मुली १-० ने जिंकल्या. शब्द नाहीत म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

वेस्ट इंडिज तर देशच नाही, मग त्यांच्या मॅचला काय वाजतं?

बरोबर, जमैका, बार्बाडोस, गयाना, त्रिनिदाद सगळे वेगवेगळे देश, क्रिकेटपुरते एकत्र. त्यामुळे राष्ट्रगीताच्या जागी त्रिनिदादच्या डेव्हिड रडर यांचं क्रिकेटवरचं कॅलिप्सो, म्हणजे तिकडच्या ढंगाचं गाणं, वाजतं. आयर्लंडची रग्बी टीम उत्तर आणि दक्षिण दोन्ही मिळून असते, एकाचं राष्ट्रगीत दुसऱ्याला चालत नाही, म्हणून १९९५ च्या वर्ल्ड कपसाठी फिल कुल्टरकडून नवीन गाणंच लिहून घेतलं. डब्लिनला मॅच असेल तर आयर्लंडचं राष्ट्रगीतही होतं, बाहेर असेल तर फक्त ते नवीन गाणं. क्रिकेटमध्येही आयर्लंड तेच गाणं वापरतं.

दोन-तीन भाषांत राष्ट्रगीत असतं का?

असतं आणि माझ्या मते ती ऐकण्यासारखी असतात. साउथ आफ्रिकेचं पाच भाषांत आहे, खोसा, झुलू, सेसोथो, आफ्रिकान्स आणि इंग्लिश. काळ्या लोकांच्या स्वातंत्र्यलढ्याचं गीत आणि जुन्या गोऱ्या राजवटीचं गीत जोडून १९९७ मध्ये एक केलं, मध्येच चाल बदलते ते त्यामुळे. २ नोव्हेंबर २०२५ ला महिला वर्ल्ड कपच्या फायनलला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुलींसमोर तीच टीम होती.

न्यूझीलंडचं आधी माओरी मग इंग्लिश असं गातात, पण हे पहिल्यापासून नव्हतं. १९९९ च्या रग्बी वर्ल्ड कपला ट्विकनहॅमवर हिनेवेही मोही या गायिकेने ते फक्त माओरीत गायलं, घरी मोठा गदारोळ झाला, लोक चिडले. पण त्यातूनच दोन्ही भाषांत गायची प्रथा पडली. आता कोणी फक्त इंग्लिशमध्ये गायलं तर लोक विचारतील.

भारत-बांगलादेश मॅचला दोन्ही राष्ट्रगीतं टागोरांची, खरं का?

हो, दोन्ही रवींद्रनाथांचीच. श्रीलंकेचं लिहिणारे आनंद समरकून पण शांतिनिकेतनला शिकून गेलेले. आशिया कपला हे तिन्ही देश एकाच मैदानावर उभे राहतात तेव्हा हे आठवत जा.

चुकीचं राष्ट्रगीत वाजलं तर?

वाजतं, मोठमोठ्या ठिकाणी वाजतं. २२ फेब्रुवारी २०२५, लाहोर, चॅम्पियन्स ट्रॉफी, मॅच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची आणि ऑस्ट्रेलियाच्या जागी क्षणभर जन गण मन लागलं, भारत तर पाकिस्तानात खेळतच नव्हता! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुबईत आशिया कपला पाकिस्तानच्या राष्ट्रगीताऐवजी काही सेकंद एका पॉप गाण्याचे सूर लागले आणि खेळाडू छातीवर हात ठेवून गोंधळून बघत राहिले. २०१६ मध्ये अमेरिकेत उरुग्वेच्या मॅचला चिलीचं वाजलं. २०१२ मध्ये कुवेतला नेमबाजीत कझाकस्तानच्या गोल्ड मेडलिस्टसाठी एका सिनेमातलं टिंगल करणारं खोटं राष्ट्रगीत वाजलं, ती बिचारी शेवटपर्यंत स्टेजवर उभी राहिली. तो मेडलचा कार्यक्रम नंतर पुन्हा नव्याने करावा लागला.

समोर उभ्या असलेल्या खेळाडूसाठी हे फार वाईट असतं, मग ती टीम कुठलीही असो. आयोजकांनी साधी गोष्ट करावी, आदल्या दिवशी त्या टीमच्या मॅनेजरला बोलावून फाईल पूर्ण ऐकवावी आणि त्याने हो म्हटल्यावर पेनड्राईव्हवर फक्त तेवढीच ठेवावी, बाकी गाणी दुसऱ्या पेनड्राईव्हवर. चुकलंच तर लगेच थांबवा, माफी मागा, योग्य लावा. घाबरून चालू ठेवू नका.

समोरच्या टीमच्या राष्ट्रगीताला शिट्ट्या, हुर्यो... हे चालतं का?

नाही. मला हे कुठल्याही मॅचला, कुठल्याही टीमबद्दल चालत नाही. १९९० च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या फायनलला रोममध्ये अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताला इटालियन प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या, कारण सेमीफायनलला अर्जेंटिनाने इटलीला घालवलं होतं. कॅमेरा मॅराडोनावर आला तेव्हा तो सरळ शिव्या देत होता. ६ ऑक्टोबर २००१ ला पॅरिसमध्ये फ्रान्स-अल्जीरिया मॅचला फ्रान्सच्याच राष्ट्रगीतावर शिट्ट्या पडल्या आणि शेवटी लोक मैदानात घुसल्याने मॅच सोडून द्यावी लागली. पुढच्या वर्षी फ्रेंच कपच्या फायनलला परत तसंच, राष्ट्राध्यक्ष शिराक उठून गेले. २००३ मध्ये फ्रान्सने त्यासाठी दंडाचा कायदा केला. त्या शिट्ट्यांमागे वसाहतींचा, घेटोंमध्ये वाढलेल्या पोरांचा मोठा इतिहास आहे, तो दंडाने मिटत नाही हे पण खरं.

आपण मात्र सोपी गोष्ट करू शकतो. पाहुण्यांचं राष्ट्रगीत साधारणपणे आधी असतं, तेव्हाच उभं राहायचं, आपलं लागायची वाट बघत बसून राहायचं नाही.

मेडल मिळालं तर राष्ट्रगीत वाजतंच ना?

फक्त गोल्डला. सिल्व्हर-ब्राँझला झेंडा वर जातो, गीत पहिल्या नंबरच्या देशाचं. १९५२ ला हेलसिंकीत कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. त्यांच्या गटात गोल्ड जपानच्या पैलवानाला होतं, म्हणजे गीत जपानचं. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचंही तेच, ब्राँझ, आणि वाजलं चीनचं. वैयक्तिक गोल्डसाठी ऑलिंपिकमध्ये जन गण मन पहिल्यांदा वाजलं ते ११ ऑगस्ट २००८ ला, बीजिंगमध्ये, अभिनव बिंद्रासाठी. मग थेट ७ ऑगस्ट २०२१, टोकियो, नीरज चोप्रा.

आयपीएलला का नाही वाजत?

कारण ती देशांची मॅच नाही, फ्रँचायझींची आहे. मे २०२५ मध्ये भारत-पाक तणावाच्या वेळी काही मॅचआधी राष्ट्रगीत झालं होतं. प्रो कबड्डीत मात्र पहिल्यापासून पाहुण्यांकडून राष्ट्रगीत गाऊन घ्यायची पद्धत आहे आणि माझ्या मते कबड्डीच्या मॅटवर ते शोभतं.

राज्यगीत घेतलं तर चालेल?

हो की. "जय जय महाराष्ट्र माझा" १९ फेब्रुवारी २०२३ पासून अधिकृत राज्यगीत आहे, राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, शाहीर साबळे यांचा आवाज. त्यातली दोन कडवी घेतली आहेत. जिल्हा किंवा राज्य पातळीच्या स्पर्धेत दोन्ही घ्या, पण एकात एक मिसळून मेडली करू नका, दोन्हीच्या मध्ये थोडं थांबा.

परदेशात मराठी मंडळाची क्रिकेट टूर्नामेंट आहे, कुठलं गायचं?

दोन्ही. ज्या देशात राहता, ज्यांच्या ग्राउंडवर खेळता त्यांचं पण गा, आणि शब्द पाठ करून गा. मंडळातल्या पोरांना तिथलं शाळेत शिकवलेलं असतं आणि आपलं आई-बाबांनी, त्यांनाच पुढे उभं करा.

राष्ट्रगीत संपल्यावर टाळ्या वाजवायच्या का?

सरकारी कार्यक्रमात वाजवत नाहीत. मैदानात वाजतात, ओरडा होतो, "भारत माता की जय" होतं, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. फक्त शेवटचं "जय हे" पूर्ण होऊ द्या, बरेच जण "जय जय जय" लाच सुरू करतात. आणि पंचांनी पण शिट्टी मारायच्या आधी दोन सेकंद थांबावं.